जून होणं आणि पिकणं

साताऱ्याहून

परवा मंडईत भेंडी निवडत होते. भाजीवाल्या मुलाने माझ्या हातातल्या दोन भेंड्या काढून बाजूला ठेवल्या. म्हणाला, "आज्जी, या नका घेऊ, जून आहेत. टोक मोडून बघा, मोडतच नाही." शेजारच्या गाड्यावर फळवाली कुणाला तरी सांगत होती, "पपई आज पिकलीये, आजच कापा, साखर आहे नुसती."

दोघंही वयाबद्दलच बोलत होते. भेंडीचंही वय झालं होतं आणि पपईचंही. पण एकीला जून म्हणून बाजूला काढलं आणि दुसरीला पिकली म्हणून हाताने उचलून दाखवलं. पिशवी घेऊन घरी येईपर्यंत हे दोन शब्द डोक्यातून गेले नाहीत.

मी 32 वर्षं शाळेत मराठी शिकवलं. समानार्थी शब्द लिहून देताना वृद्ध, म्हातारा, वयस्कर, जरठ असे फळ्यावर एकाखाली एक लिहीत आले. हे शब्द समान अर्थाचे नाहीत, हे आता त्या वयात आल्यावर कळतंय. म्हणून इथे विचारते. माणसाच्या वयासाठी आपण केस पिकले म्हणतो, पिकलं पान म्हणतो. म्हणजे पिकणं आहे, पण ते केसांचं आणि पानाचं, गळून पडण्याच्या बेताला आलेलं. फळासारखं पिकणं, गोड होणं, यासाठी माणसाला लावता येईल असा शब्द तुमच्या भागात आहे का?

दुसरा प्रश्न याला लागूनच आहे. निवृत्त झाल्यापासून भेटणारा प्रत्येक जण म्हणतो, "आता आहे त्यात समाधान मानायचं." हे 'मानायचं' मला खटकतं. हार मानतात, वाईट मानतात, तसं समाधान मानायचं? वर्तमानपत्रात तर हरलेल्या संघाला 'उपविजेतेपदावर समाधान मानावे लागते'. माझं तसं नाही. पहाटे जाग आली की मी ओट्यावर बसून चहा पिते, तेव्हा समोरच्या शेवग्यावर बुलबुलांची जोडी येते. झोप नीट लागलेली असली आणि गुडघा दुखत नसला तर त्या अर्ध्या तासात मला काहीही कमी नसतं. हे मी मानलेलं नाही, ते असतं. याला काय म्हणायचं?

रत्नागिरीहून

बाई, आमच्याकडे आंब्याच्या बाबतीत ही सगळी भाषा आणे-पैशांत चालते. आंबा झाडावर 'बारा आणे झाला', 'चौदा आणे झाला' असं म्हणतात. चौदा आणे तयार झाला की हापूस उतरवायचा. सोळा आणे होईपर्यंत झाडावर ठेवला तर आत साका धरायची भीती असते, वरून सुंदर दिसतो आणि कापल्यावर गर पांढरा, स्पंजासारखा निघतो. उरलेले दोन आणे अढीत, गवताच्या पेंढ्यात पुरे होतात.

मी बागायतदार आहे, 61 वर्षांचा. हे आजवर धंद्याचं गणित म्हणूनच पाहिलं होतं. तुमचा प्रश्न वाचून पहिल्यांदा जाणवलं की वाढायचं काम झाडावर संपतं आणि गोडी येते ती नंतर, शांत अंधारात, काही न करता. झाडावर असतो तो आंबा आंबटच. आणि अढी रोज तपासावी लागते, बरं का. एक नासका राहिला तर शेजारचे चार नासवतो.

'पाडाला आला', म्हणजे झाडावरच पिकायला लागला, असंही म्हणतो आम्ही. माणसाला म्हणताना मात्र मी ऐकलेलं नाही.

वर्ध्याहून

आमच्या वऱ्हाडीत 'बुढा' म्हणजे वडील. "माया बुढा वावरात गेला" यात अपमान नाही, लाड आहे. वडील पन्नाशीचे असले तरी बुढाच. पुण्यात शिकायला गेले तेव्हा खोलीतल्या मुलींसमोर फोनवर "बुढा जेवला काय?" असं आईला विचारलं, तर सगळ्या माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यानंतर तीन वर्षं मी 'बाबा' म्हणत राहिले. आता पुन्हा बुढाच म्हणते. ते 84 वर्षांचे आहेत, शब्दाला आता कुठे त्यांचं वय मिळालं.

पुण्याहून

व्युत्पत्तीची थोडी भर घालतो, कारण या सगळ्या शब्दांची घसरण पाहण्यासारखी आहे.

म्हातारा हा शब्द संस्कृत 'महत्तर'वरून आला. महत्तर म्हणजे अधिक मोठा. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत राजा दान जाहीर करताना ज्यांना उद्देशून बोलतो त्या यादीत राष्ट्रपती आणि विषयपती (त्या काळचे प्रांताचे आणि जिल्ह्याचे अधिकारी), ग्रामकूट (गावचा प्रमुख) आणि 'महत्तर' येतात. गावातली ज्यांच्या शब्दाला वजन होतं अशी ती माणसं. हजार-बाराशे वर्षांत वजन गेलं आणि वय उरलं.

'थेरडा'चं त्याहून वाईट झालं. मूळ 'स्थविर', म्हणजे स्थिर झालेला. पाली-प्राकृतात त्याचा 'थेर' झाला, बौद्ध संघातला ज्येष्ठ भिक्षू. कार्ल्याच्या लेण्यातल्या दानलेखात हा थेर शब्द दगडात कोरलेला आहे. त्यालाच पुढे 'डा' लागला आणि शिवी तयार झाली. मी कार्ल्याला अनेकदा गेलो आहे. तो लेख कुणी दाखवला की मला या शब्दाचं वाईट वाटतं.

वृद्ध हा तर 'वृध्' या धातूचा, म्हणजे वाढलेला. वाढ, वृद्धी, वाढदिवस सगळे त्याच घरातले. आणि आजा, आजी हे आर्यक, आर्यिका यांच्यापासून. म्हणजे जुन्या माणसांनी वय झालेल्याला नाव देताना मोठा, स्थिर, वाढलेला, आदरणीय असेच शब्द निवडले होते. कमीपणा नंतर आपण भरला.

बाईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला 'पोक्त' या शब्दात सापडतं. फारसी पुख्ता म्हणजे शिजलेला, पिकलेला. संस्कृत पक्व आणि हा पुख्ता हे लांबचे भाऊच, मुळात एकाच शब्दकुळातले. आपला 'पक्का'ही पक्वापासूनचाच. तेव्हा पिकलेल्या माणसासाठी शब्द आहे, फक्त आपण तो म्हाताऱ्यांना लावत नाही. "वयाच्या मानाने पोक्त आहे" असं सोळा वर्षांच्या मुलीबद्दल बोलतो.

साताऱ्याहून

पोक्त! इतका रोजचा शब्द आणि त्यात पिकणं दडलंय हे लक्षातच आलं नव्हतं. तुमचं वाचल्यावर मी 'जून'च्या मागे गेले. जून, जुना, जीर्ण हे एकाच गोत्रातले आणि 'जरा'ही त्यांच्यातलीच. पण 'जीर्ण'चा दुसरा अर्थ पाहा: पचलेलं. म्हणून न पचलेलं ते अजीर्ण. म्हणजे झिजणं आणि पचणं या दोन्हींसाठी एकच शब्द होता. मला तरुणपणी झालेले काही अपमान आहेत, चाळीस वर्षं घशाशी येत राहिलेले. अलीकडे ते आठवतात, पण जळजळत नाहीत. ते विसरले गेलेत असं नाही. पचलेत. मला 'जीर्ण झाले' हा शब्द त्यांच्यासाठी वापरावासा वाटतो.

तरीही भेंडीचं काय, हा प्रश्न राहतोच. जून होणं आणि निबर होणं, हे माणसातही दिसतं. मन चिवट होतं, टोक मोडत नाही.

मिरजेहून

बाई, जूनला एवढं खाली घालू नका.

आमच्या मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. इथे तंबोरे आणि सतारी बनतात. 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याचा खालचा भाग भोपळ्याचा असतो हे सगळ्यांना माहीत आहे. तो भोपळा पंढरपूरच्या बाजूने येतो, खायचा नसतो, कडू असतो. आणि तो जूनच लागतो. वेलीवर पुरा जून होऊ द्यायचा, मग उन्हात वाळवायचा. कोवळा काढला तर वाळताना आक्रसतो, सुरकुततो, साल पातळ राहते आणि तारांचा ताण पेलत नाही. नीट जून झालेला भोपळा आतून पोकळ आणि बाहेरून टणक होतो, आणि त्या पोकळीतच आस, म्हणजे सुराची गुंज, घुमते.

माझे वडील या कामात होते. भोपळा कानाशी धरून बोटाने टिचकी मारायचे आणि म्हणायचे, "हा झालाय." 'पिकलाय' नाही, 'वाळलाय' नाही, नुसतं 'झालाय'. हात थरथरायला लागल्यावर त्यांनी तारा लावणं सोडलं, पण टिचकी शेवटपर्यंत त्यांचीच. गल्लीतले तरुण कारागीर भोपळे घेऊन घरी यायचे.

घोसाळ्याचंही सांगतो. जून झालं की भाजीला नाही चालत, पण वाळवून सोललं की अंग घासायची उत्तम घासणी. बियाणंही जून फळाचंच धरतात. कोवळ्या भेंडीचं बी उगवत नाही.

इंदूरहून

समाधानाविषयी. इथे आम्ही घरात मराठी आणि दारात हिंदी बोलतो. हिंदीत 'समाधान' म्हणजे तोडगा, "समस्या का समाधान". आजीकडे "समाधान आहे" ऐकत वाढलो, त्यामुळे शाळेत गणिताच्या प्रश्नाला समाधान मिळतं हे मला फार गमतीचं वाटायचं. मराठीत हा अर्थ 'शंकासमाधान'मध्ये तेवढा शिल्लक आहे. शब्दाची फोड सम् + आ + धा, नीट एकत्र ठेवणं. विखुरलेलं जागेवर बसवणं. 'समाधी' त्याच धातूची. वेदान्तात साधकाने मिळवायच्या सहा गोष्टी सांगतात, शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा, आणि सहावं समाधान. तिथे त्याचा अर्थ चित्त एका जागी राहणं. तुमचा ओट्यावरचा अर्धा तास मला याच अर्थाचा वाटला.

आणि तुकोबांचं क्रियापद बघा. "ठेविले अनंते तैसेचि राहावे । चित्ती असो द्यावे समाधान ॥" समाधान 'मानावे' असं ते म्हणत नाहीत. 'असो द्यावे'. ते आहेच, त्याला राहू द्या, उठवू नका.

मडगावहून

कोंकणीत घरच्या वडीलधाऱ्यांना 'जाण्टीं' म्हणतात. मला त्यात 'जाणता' ऐकू येतं. लग्नाची बोलणी असोत की वाटणी, "जाण्ट्यांक विचार" हे वाक्य येणारच.

दुसरा शब्द 'सुशेगाद'. मूळ पोर्तुगीज, अर्थ शांत, निवांत झालेला. पर्यटकांसाठीच्या जाहिरातींनी त्याला आळशीपणाचा रंग दिला, याचा आम्हाला राग येतो. माझी आजी पहाटे चारला उठायची, दिवसभर राबायची, आणि संध्याकाळी सोप्यावर बसली की म्हणायची, "आतां सुशेगाद." काम न केलेल्या माणसाला तो शब्द वापरायचा हक्कच नव्हता.

बार्शीहून

आजोबांच्या ट्रंकेत जुने कर्जरोखे सापडले. फिटलेल्या प्रत्येक रोख्याच्या पाठीवर सावकाराच्या हातचं एक वाक्य आहे: मुद्दल व व्याज 'भरून पावलो'. आणि सही. 'पावती' हा शब्द याच पावण्यातला.

आमची आई शेवटच्या दोन वर्षांत सारखं म्हणायची, "मी भरून पावले." आम्हाला ते निरोपासारखं वाटायचं आणि आम्ही तिला गप्प करायचो. ते रोखे पाहिल्यावर कळलं की ती निरोप घेत नव्हती. आपलं कुणाकडे काही येणं उरलं नाही, एवढंच सांगत होती. आणि ती होती सालाने काम करणाऱ्या माणसाची बायको, दोन लुगड्यांत वर्ष काढलेली. तिला नक्की काय मिळालं म्हणून ती भरून पावली, हे तिला विचारायला हवं होतं.

साताऱ्याहून

बार्शीच्या दादांनी लिहिलेलं दोनदा वाचलं. 'समाधान मानणे'च्या जागी काय म्हणायचं, हे मला मिळालं. तरी हा शब्द मी आज माझ्यासाठी वापरणार नाही. माझं थोडं येणं अजून बाकी आहे. धाकटीशी चार वर्षांपूर्वीचं एक बोलणं अर्धवट राहिलंय, ते पुरं व्हायचंय. ओट्यावर असतं ते 'असो दिलेलं' समाधान, आणि हिशेब मिटल्यावरचं ते 'भरून पावणं'. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या चर्चेशिवाय कळलं नसतं.

रत्नागिरीच्या भाऊंना एक विचारायचं राहिलं. अढीत आंबे एकमेकांना चिकटून ठेवता की मध्ये अंतर ठेवता?

आज सकाळी पुन्हा मंडईत गेले होते. त्या मुलाला विचारलं, बाजूला काढलेल्या जून भेंड्यांचं काय करतोस? म्हणाला, "गुरांना टाकतो, आज्जी." मी त्यातल्या चार मागून आणल्या. खिडकीत वाळत ठेवल्यात. शिरा उठल्या आहेत, टोकं अजून हिरवी आहेत. मृगाला कुंडीत लावून बघेन.