३३ इंची टायर टाकले की टॅकोमाचे क्राऊन-पिनियन बदलायलाच हवेत का?

डिफवाला
तिसऱ्या पिढीच्या टोयोटा टॅकोमा पिकअपला (२०१६–२३, ३.५ लिटर व्ही-६, ऑटोमॅटिक) २६५/७० आर १६ काढून २८५/७५ आर १६ (साधारण ३३ इंची) टाकले की अमेरिकेतली दुकानं सरसकट '४.८८ चे गिअर घाला' म्हणतात, म्हणजे अ‍ॅक्सलमधली क्राऊन-पिनियन ही दातेरी चाकांची जोडी बदला, चाकाच्या एका फेऱ्याला पिनियनचे ४.८८ फेरे होतील अशी. माझ्या मते ३३ इंचाला हा खर्च वायफळ आहे. व्यास ७७७ मि.मी.चा ८३४ होतो, म्हणजे ७.३ टक्के वाढ. मूळचा ३.९१ चा अ‍ॅक्सल ३.६४ चा असल्यासारखा वागतो, बस्स. दोन्ही अ‍ॅक्सलचे मिळून अडीच-तीन हजार डॉलर एवढ्यासाठी? ३५ इंची असतील तर गोष्ट वेगळी.

घाटमाथा
सपाटीवर राहणाऱ्याचं गणित आहे हे. कोलोरॅडोत आय-७० महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी ३,४०० मीटरवर जातो. टर्बो नसलेल्या इंजिनची तिथे जवळपास ३० टक्के ताकद विरळ हवेतच जाते. त्यात या व्ही-६ चा कमाल टॉर्क ४,६०० आरपीएमला, आणि सहावा गिअर ०.५८ चा. ताशी १०० कि.मी.ला मूळ टायरवर १,५५० आरपीएम मिळतात, ३३ इंचीवर १,४४०. जरा चढ आला की गिअरबॉक्स सहा-पाच-चार करत बसतो, टॉर्क कन्व्हर्टरचं (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणाऱ्या भागाचं) लॉक सुटतं आणि तेल तापतं. ४.८८ घातल्यावर तिथेच १,८०० मिळतात.

डिफवाला
मग 'एस' मोडमध्ये (त्यात कमाल गिअर आपण ठरवतो) पाचव्याच्या वर जाऊ देऊ नका! पाचवा ०.६८७ चा, ३३ इंचीवर मूळ अ‍ॅक्सलनेच १,७१० आरपीएम होतात. तुमच्या १,८०० पासून हाकेच्या अंतरावर, आणि फुकट.

घाटमाथा
हायवेपुरतं मान्य. पण पहिल्याच्या खाली कुठला गिअर काढणार? पहिला ३.६०, लो रेंज (फोर-बाय-फोरची हळू, जोरकस गती) २.५७, अ‍ॅक्सल ३.९१: गुणाकार ३६. मोठ्या टायरने तो ३३.७ वर येतो, ४.८८ ने ४२ होतो. दगडातून उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसायचं की इंजिनवर गाडी धरायची, हे या आकड्यावर ठरतं.

अर्धसूत
दोघेही आकड्यांत अडकलात. खरी जोखीम बसवण्यात आहे. पुढचा-मागचा दोन्ही डिफ (डिफरन्शियल, ज्यात क्राऊन-पिनियन बसतात) एकाच रेशोचे हवेत. एक जरी वेगळा राहिला तर फोर-बाय-फोर लावताच ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीचा) जीव जातो.

क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदलायचे. पिनियनची दोन्ही बेअरिंगं, क्राऊनकडची बेअरिंगं, सील, क्रश स्लीव्ह (नट आवळला की चेपणारी नळी), सगळं नवं. जुनी बेअरिंगं वाचवायला जाऊ नये. डायल गेजवर बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) सेटबरोबरच्या कागदाप्रमाणे धरायचा; साधारण ०.१५ ते ०.२० मि.मी. मग दातांना मार्किंग पेस्ट लावून क्राऊन दोन्हीकडे फिरवायचा. ठसा दाताच्या बुडाशी उमटला तर पिनियन जास्त आत गेलाय, डोक्यामागची शिम (अंतर राखणारी चकती) पातळ करा. दाताच्या माथ्याशी उमटला तर जाड. शिम बदलली की बॅकलॅश पुन्हा मोजायचा. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

सर्वांत जास्त घोळ क्रश स्लीव्हवर होतो. पिनियनचा नट थोडा थोडा आवळत प्रीलोड (बेअरिंगवरचा दाब) मोजायचा असतो. एकदा जास्त आवळला की सैल करून उपयोग नाही. स्लीव्ह चेपलेली असते, नवीनच घालावी लागते. नट तसाच मागे फिरवून गाडी दिली तर काही दिवसांत शिट्टी सुरू, मग बेअरिंग जळणार.

बसवल्यावर पहिली फेरी २५-३० कि.मी.ची, हळू, मग डिफ पूर्ण थंड होऊ द्यायचा. पहिले ८०० कि.मी. ट्रेलर ओढायचा नाही, नंतर तेल बदलायचं. त्यात बारीक धातूची चमक दिसेल. कण हाताला लागले तर मात्र उघडून बघा.

डिफवाला
म्हणजे माझाच मुद्दा! कारखान्यातून नीट आलेला डिफ ७ टक्क्यांसाठी उघडायचा कशाला?

अर्धसूत
ट्रेलर किंवा डोंगर असेल तर उघडा, नाहीतर नको. आणि उघडलाच तर सरळ ५.२९ वर उडी नको. पिनियनला ३.९१ मध्ये ११ दात, ४.५६ मध्ये ९, ४.८८ मध्ये ८, ५.२९ मध्ये ७. दात घटले की पिनियनचं डोकं लहान आणि कमजोर होतं. ३३ इंचीला ४.५६ पुरतो, सामान लादून डोंगरात जाणाऱ्याने ४.८८ घ्यावा.

घाटमाथा
४.५६ ला विरोध नाही. फक्त 'मोठ्या टायरने मायलेज फार पडलं' म्हणून गिअर बदलायला निघालेल्यांनी आधी हिशोब सुधारावा. मीटर नवीन टायरला जुळवलेला नसेल तर तो ३०० मैल दाखवतो तेव्हा गाडी ३२२ चाललेली असते. ज्या गाडीत वेग चाकाच्या सेन्सरवरून मोजतात, तिथे गिअर बदलून ही चूक जात नाही; टायरचा आकारच संगणकात भरावा लागतो.