कोयना खोऱ्याचा धरणापूर्वीचा नकाशा कसा वाचावा?

प्रश्न (सांगलीहून)
आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत कोयना खोऱ्याचा, भारतीय सर्वेक्षण विभागाने छापलेला, कापडावर चिकटवलेला जुना नकाशा मिळाला. प्रमाण एक इंचास एक मैल असून कोपऱ्यात '४७ जी'ने सुरू होणारा क्रमांक आहे. आमचे मूळ गाव कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात गेले आणि घराणे सांगली जिल्ह्यात आले. नकाशावर ते गाव सापडते. तेथे आज किती खोल पाणी असेल, हे यावरून सांगता येईल का? कागद घड्यांवर तुटू लागला आहे, त्याबद्दलही मार्गदर्शन करावे.

उत्तर (पाटणहून)
निश्चित सांगता येईल. तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, पाहाव्यात. या प्रमाणाच्या नकाशावर लगतच्या दोन रेषांत सहसा ५० फुटांचा फरक असतो आणि प्रत्येक पाचवी रेषा ठळक असते. समासातील नोंद वाचून खात्री करावी. धरण पूर्ण भरते तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे २१६३ फूट असते. म्हणून २१५० फुटांची रेषा, हेळवाकच्या वरपासून बामणोली-तापोळ्यापर्यंत, ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने गिरवावी. प्रत्येक ओढ्यापाशी ती आत वळत जाते आणि १९६०च्या दशकात भरलेला जलाशय जवळजवळ जसाच्या तसा कागदावर उमटतो. कड्यांच्या बाजूला रेषा एकमेकींना चिकटतात, तेथे भिंगाशिवाय निभाव लागत नाही. गावाची उंची २१६३ मधून वजा केली की उत्तर मिळाले.

उत्तर (साताऱ्याहून)
घड्यांवर सेलोटेप कदापि लावू नये, त्याचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो. लॅमिनेशनही नको. नकाशा आम्लरहित कागदात सपाट ठेवावा आणि आधी स्कॅन करून घ्यावा. ती प्रत उपग्रहचित्रावर बसवताना केवळ कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश घेऊ नयेत, कारण हे नकाशे एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या मापनावर, आधारलेले आहेत आणि मोबाइलमधील जीपीएस दुसऱ्या मापनावर चालते. वासोटा किल्ल्यासारखी न हललेली, पाण्याबाहेरची ठिकाणे जुळवावीत.

मूळ प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. गाव २००० आणि २०५० फुटांच्या रेषांमध्ये येते, म्हणजे भरलेल्या धरणात त्यावर साधारण ११३ ते १६३ फूट पाणी असते. गावातून वर सड्याकडे (डोंगरावरच्या पठाराकडे) जाणारी तुटक रेषेची पायवाट मात्र २१५०च्या बाहेर निघते. आईने ती बोटाने लगेच दाखवली. याच वाटेने ती लहानपणी आजोळी जात असे.