सेप्टिक टँकचं काम – थम्स अप करण्याआधी वाचा

ए-१०४ (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी. मागची सेप्टिक टँक परत भरून वाहतेय. सक्शन गाडीचं कोटेशन बरंच आलंय, गाळ घट्ट बसलाय म्हणून दोन खेपा लागतील म्हणतात. नाक्यावरची दोन पोरं निम्म्या पैशात उतरून काढून द्यायला तयार आहेत. चालेल त्यांनी थम्स अप करा.

सी-२०३: चालेल. उगाच मेंटेनन्स वाढायला नको.

बी-३०१: काका, कृपा करून कोणाला आत उतरवू नका. मास्क, सूट, काही न देता टाकीत माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, पहिल्याच गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि टाकीतल्या विषारी गॅसचा वास, गॅस जास्त झाला की येईनासाच होतो, म्हणून पहिला कधी पडतो ते कळत नाही आणि दुसरा त्याला काढायला जातो तोही तिथेच राहतो. गोवंडीला डिसेंबर २०१९ मध्ये एका सोसायटीच्याच टाकीत तिघं गेले.

सी-२०३: ताई, ती पोरं स्वतःहून येतात, आपण काय जबरदस्ती करतोय का. आणि यात प्लीज जात वगैरे आणू नका. आपल्या सोसायटीत कोणीही जात मानत नाही.

ए-४०१: ग्रुपवर पॉलिटिकल नको असं ठरलंय ना आपलं?

बी-३०१: काका, जातीचा शब्द मी काढला नव्हता, पण तुम्ही काढलात तर बोलूया, कारण तो तुमच्याही मनात आला म्हणजे आपल्या सगळ्यांना माहितीये टाकीत कोण उतरतं ते. केंद्राच्या नमस्ते योजनेत २०२४ पर्यंत गटार आणि टाक्या साफ करणाऱ्या सुमारे ३८ हजार लोकांची नोंद झाली होती, त्यातले जवळपास ९२ टक्के एससी, एसटी, ओबीसी निघाले, एकट्या एससींचेच ६८ टक्क्यांच्या वर. आपण ११ आणि १४ एप्रिलला ग्रुपवर हार घातलेले फोटो टाकतो, मी पण टाकते. फुल्यांनी १८६८ मध्ये घरचा हौद सगळ्यांना खुला केला हे आपल्याला पाठ आहे. फुले-शाहू-आंबेडकरांच्या महाराष्ट्रातले आपण, असं म्हणताना खरंच छाती भरून येते. म्हणूनच हा ९२ चा आकडा ऐकवत नाही, तो खरा धरला तर आपण कोण हे परत बघावं लागतं. त्यापेक्षा पॉलिटिकल नको म्हणणं सोपं जातं.

सी-२०३: म्हणजे आम्ही वाईट माणसं? आमच्याकडे कामवाल्या मावशी आमच्याच कपातून चहा पितात.

बी-३०१: नाही हो काका, वाईट अजिबात नाही म्हणत, लॉकडाऊनमध्ये तुम्ही वॉचमनच्या घरी रेशन पोचवलंत ते मी विसरले नाहीये. पण बघा ना, विषय टाकीचा होता आणि दोन मेसेजमध्ये तो आपण चांगले की वाईट यावर आला, टाकी राहिली बाजूला. माझं पण हेच झालंय. २०१८ मध्ये मी कमिटीत होते तेव्हा दोन पोरं उतरवली होती, सही माझीच. एकाने आत जायच्या आधी खोबरेल मागितलं, अंगाला चोळलं आणि बनियन काढून घडी करून पायरीवर ठेवलं. वर आल्यावर पाणी मागितलं तर मी आत जाऊन कोल्डड्रिंकची रिकामी बाटली शोधून भरून दिली आणि म्हटलं राहू दे, परत नको आणू. घरात स्टीलचे पेले ढिगाने होते. तेव्हा विचारलं असतंत तर मीही शपथेवर सांगितलं असतं की आमच्याकडे जात मानत नाहीत, आणि ते मला खरंच वाटत होतं.

बी-५०२: ताई, हे वाचून काही सुचेना. आमच्याकडे पण तशी एक वेगळी बाटली असते.

ए-४०१: नियमाचं मी बोललो ते राहू दे. पण काही झालंच तर जबाबदारी कॉन्ट्रॅक्टरची ना?

बी-३०१: गोवंडीच्या त्या तिघांच्या बायका हायकोर्टात गेल्या, २०२१ मध्ये कोर्टाने सरकारला प्रत्येकी १० लाख द्यायला सांगितले. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख केली. पण दादा, जबाबदारी कोणाची हे आपण माणूस मेल्यावरचं बोलतोय. गाडीच बोलवा ना, फरक घरटी वाटून घेऊ, माझा हिस्सा आत्ता पाठवते.

सी-२०३: आकड्यांचं मला पूर्ण पटलेलं नाही ताई, आरक्षणावर माझं मत वेगळं आहे आणि ते राहील. पण आत कोणाला उतरवू नका. माझे पण पैसे घ्या.

ए-१०४ (सेक्रेटरी): ठीक आहे, पोरांना नको म्हणून कळवतो. गाडीवाल्याला शनिवारी सकाळी ८ ला बोलावतोय. त्याचा पाइप मागच्या गेटातून टाकीपर्यंत पोचायला हवा, तिथे लावलेल्या टू-व्हीलर शुक्रवारी रात्रीच काढून ठेवा.