पहाटे घरचा सेन्सर दुप्पट आकडा का दाखवतो?
प्रश्न असा की हवेचं प्रदूषण मोजणारा घरचा सेन्सर पहाटे सरकारी हवामापन केंद्राच्या दुप्पट आकडा का दाखवतो. आधी दोन्हीकडे एकच गोष्ट वाचताय ना ते बघा: पीएम २.५ (हवेतले अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) घनमीटरला मायक्रोग्रॅममध्ये असतं, एक्यूआय हा हवेच्या गुणवत्तेचा नुसता निर्देशांक. तरी फरक उरला तर दोष बहुधा दमटपणाचा. स्वस्त लेझर सेन्सर कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतो. आर्द्रता ८० टक्क्यांपुढे गेली की कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा वाढतो. केंद्रातल्या यंत्रात हवा सहसा आधी तापवून कोरडी करतात. पण दमेकऱ्यांनी 'सेन्सर खोटा' म्हणत पहाटे पळायला जाऊ नये, वारा पडला की धूर खरोखरच जमिनीलगत साचतो. जागतिक आरोग्य संघटनेची पीएम २.५ साठी २४ तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला फक्त १५ मायक्रोग्रॅम आहे.