अनुभव धागा: तुमच्या घरचा बाप्तिस्मा

वसईकरीण:
रविवारी भाच्याचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा झाला. फादरांनी विचारलं, "या बाळासाठी ख्रिस्तसभेकडे काय मागता?" आणि माझ्या भावाला शब्दच फुटेना. हाच भाऊ सातव्या महिन्यात जन्मला होता, रात्र काढेल असं कुणी म्हणत नव्हतं. आजीने स्टीलच्या पेल्यातलं पाणी तीनदा त्याच्या कपाळावर ओतलं. पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने. तो जगला. पुढे देवळात नेलं तेव्हा फादरांनी तेल लावलं, पांढरं वस्त्र घातलं, मेणबत्ती दिली, पण पाणी पुन्हा घातलं नाही. आजीचं पाणी पुरलं होतं. तो पेला अजून आईच्या कपाटात आहे. तुमचंही लिहा.

नगरी:
आमच्याकडे उलट. लहानपणी फक्त समर्पण, म्हणजे बाळाला देवाच्या हाती सोपवून प्रार्थना. बाप्तिस्मा मी एकविसाव्या वर्षी घेतला, जानेवारीत, प्रवरा नदीत. एका बाजूला पाळकसाहेब, दुसऱ्या बाजूला मामा. नाकाला रुमाल धरून मागे झोपवतात. पाण्याखाली क्षणभर काहीच ऐकू येत नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्र, अध्याय 6 मध्ये पौल "त्याच्याबरोबर पुरले गेलो" म्हणतो ते मला तिथे समजलं. वर आलो तर काठावर आई गात होती.

मेघा:
तान्ह्या बाळाला काय कळतं पण? वाद नाही, खरंच विचारतेय

वसईकरीण:
नाहीच कळत. आधी देव उचलून घेतो, कळणं मागून येतं. म्हणून तर दर पास्काच्या (ईस्टरच्या) रात्री मेणबत्त्या पेटवून तीच वचनं आम्ही आपल्या तोंडाने पुन्हा देतो. सैतानाला नाकारता का? नाकारतो.

नगरी:
पूर्ण पटलं नाही ताई, पण पेल्याचं वाचून डोळे भरले.

राहुरीची सून:
ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधली पाच वर्षं त्या बाईने कशी काढली असतील! माझ्या पणजीचंही तसंच. पणजोबा आधी झाले, ही दोन वर्षं वेगळ्या चुलीवर. मग एके सकाळी आपणहून म्हणाली, चला. कुणी ओढून नेलं नाही, हे मरेपर्यंत सांगायची.

पालघरवाली:
जेवणाला फुगे केले होते का गं, आपले तळलेले? माझे चपटेच होतात

वसईकरीण:
केले ना! पीठ नीट आंबू दे, मग मुठीतून सोड.

रात्रपाळी:
मी नर्स, हिंदू. केरळच्या सीनियर सिस्टरने शिकवलेलं, वेळ आली तर कुणीही करू शकतं. पाणी हवं, ती तीन नावं हवीत आणि मनात तीच इच्छा हवी. एका रात्री इन्क्युबेटरमधल्या बाळाची आजी म्हणाली, माझे हात थरथरतात, तूच कर. पाणी तळव्यात धरून जरा कोमट केलं, बाळाला गार लागू नये म्हणून. शब्द तिने सांगितले, मी म्हटले. पहाटे गेली पोर.

वसईकरीण:
नाव काय ठेवलं होतं?

रात्रपाळी:
ठेवलंच नव्हतं अजून. आजीने स्वतःचं दिलं.