तीन मुलं, तीन इयत्ता, एकच आई: होमस्कूलिंगचा अभ्यासक्रम कसा निवडू?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आम्ही पुण्यात राहतो. मुलं तेरा, नऊ आणि पाच वर्षांची. जूनपासून तिघंही घरीच शिकताहेत.

मोठीचं त्यातल्या त्यात ठरलंय. 14 पूर्ण झाली की एनआयओएसमधून (केंद्र सरकारचं मुक्त शाळा मंडळ) दहावीला बसेल. पाच विषय, परीक्षा एप्रिल किंवा ऑक्टोबरमध्ये, म्हणजे हाताशी वेळ आहे. खरा घोळ धाकट्या दोघांचा. सध्या बालभारतीची पुस्तकं पीडीएफमधून छापून वापरतेय, पण तीन इयत्तांचे तीन गठ्ठे मला एकटीला झेपत नाहीत. काल मोठीला समीकरणं समजावत होते, मधल्याचा भागाकार अडला म्हणून तिकडे वळले, तेवढ्यात धाकटीने त्याच्या वहीवर खडूने मोर काढला. (मोर छान होता, ते सोडा.)

परिसर अभ्यास, इतिहास, विज्ञान तिघांना एकत्र शिकवून फक्त गणित आणि भाषा वेगळी ठेवली तर चालेल का? पावसाळ्यात मुठेच्या पुरावर असं केलं होतं. धाकटीने चित्रं काढली, मधल्याने पावसाच्या नोंदी ठेवल्या, मोठीने 1961 च्या पानशेत धरणफुटीवर लिहिलं. तो आठवडा मस्त गेला, पण दर आठवड्याला असं काही सुचत नाही हो!

कुणी असं वर्षभर निभावलंय का? आणि मधल्यासाठी आत्तापासून एनआयओएसची ओबीई (आठवीपर्यंतचं मुक्त मूलभूत शिक्षण) पातळी धरावी, की थेट दहावीच? सासूबाई रोज विचारतात, 'दाखल्याचं काय?'