आधी यंत्र, आधी नेट की आधी माणूस?

ओटा
आमच्या वाचनालयाला एक अनुदान मिळेल अशी चिन्हं आहेत. वस्तीत ज्यांच्याकडे नेट नाही, कॉम्प्युटर नाही, किंवा असूनही वापरता येत नाही, अशांसाठी ते खर्च करायचं आहे. समितीने अर्जाचा कच्चा मसुदा केलाय: १० नवे कॉम्प्युटर, वायफाय, आणि अगदी शेवटी एका ओळीत ‘दोन दिवसांचं प्रशिक्षण शिबिर’. मला हा क्रमच उलटा वाटतो. पैसा आधी माणसावर घालावा. रोज ठरलेल्या वेळी तिथे बसणारा, घाई न करणारा, पगारी माणूस.

मी तीन वर्षं आठवड्यातून दोन संध्याकाळी तिथे शिकवते. परवा साठीच्या एक बाई ऑनलाइन फॉर्म भरायला आल्या. फोन चांगला, नेट चालू. पण त्या बोट इतकं दाबून धरायच्या की दर वेळी ‘कॉपी’, ‘शेअर’ची पट्टी उघडायची आणि त्यांना वाटायचं फोन बिघडला. टिचकी मारायची, दाबून धरायचं नाही, हे त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं. मग ओटीपी आला आणि वरच्या वर दिसून गेला. तो वाचायला त्या मेसेजमध्ये गेल्या, परत आल्या तर फॉर्म कोरा. असं तीनदा झालं. शेवटी वरचा पडदा खाली ओढून, फॉर्म न सोडता आकडे कसे वाचायचे ते दाखवलं. पाऊण तास लागला. हा पाऊण तास शिबिरात कुठून आणायचा?

दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात मुलांना लाखो लॅपटॉप वाटले गेले. २०१२ मध्ये ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात गणित आणि भाषेत फरक दिसला नाही. नुसती यंत्रं देऊन भागत नाही.

चकमक
तुमच्या बाईंची गोष्ट खरी आहे, पण त्यांच्याकडे फोन होता आणि नेट होतं. ज्यांच्याकडे तेच नाही ते तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत, म्हणून ते तुम्हाला दिसत नाहीत. आणि पेरूच्या त्या शाळांपैकी जवळपास कुठेच इंटरनेट नव्हतं, हेही त्याच अभ्यासात आहे. म्हणजे ते उदाहरण माझ्या बाजूचं झालं.

आयटीयूच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संस्थेच्या, २०२४ च्या अंदाजानुसार जगात २६० कोटी लोक नेटपासून दूर होते. श्रीमंत देशांत ९३ टक्के लोक नेट वापरत होते, सर्वांत गरीब देशांत २७ टक्के. हा फरक बोट कसं ठेवायचं याचा नाही, खिशाचा आहे.

मी स्वतः कसा शिकलो ते सांगतो. आमच्या घरात चौघांत एक फोन होता आणि महिन्याचा डेटा विसाव्या दिवशी संपायचा. प्रत्येक व्हिडिओ उघडताना पोटात गोळा यायचा. चुकीच्या ठिकाणी बोट पडलं तर घरचे ओरडायचे, कारण चूक म्हणजे पैसे. पुढे वसतिगृहात मोजमाप नसलेलं वायफाय मिळालं आणि दोन महिन्यांत मी जे शिकलो ते मला कोणीही शिकवलेलं नाही. नेट मोजून वापरणारा माणूस चुका करून बघत नाही, आणि चुका केल्याशिवाय हे येत नाही. घरी परवडणारं नेट द्या, निम्मं शिक्षण आपोआप होईल.

ओटा
पेरूबद्दल तुमचं बरोबर, ते मी अर्धवट मांडलं. पण ‘आपोआप’ हा शब्द मला खटकतो. जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे मोबाइल नेटच्या टप्प्यातच नाहीत असे लोक जगात फक्त ४ टक्के होते. टप्प्यात असूनही वापरत नाहीत असे ३९ टक्के! त्याची मुख्य कारणं त्यांनी दिली आहेत ती दोन: हँडसेटची किंमत, आणि वाचता-लिहिता व वापरता न येणं. तुम्ही वसतिगृहात होतात तेव्हा आजूबाजूला तुमच्याच वयाची पोरं होती. ‘हे कसं रे?’ म्हटलं की कोणीतरी सांगत होतं. तोच तुमचा माणूस. साठीच्या बाईला तसं विचारायला कोण आहे? मुलाला विचारलं तर तो फोन हातातून घेतो, करून देतो आणि परत देतो.

भारतातच पाहा. २०१७ च्या ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानात घरटी एकाला २० तासांचं प्रशिक्षण होतं आणि वयाची अट १४ ते ६०. ज्यांना शेजारी बसणारं माणूस सर्वांत जास्त लागतं ते साठीपुढचे त्यात नव्हतेच.

चकमक
वसतिगृहाचा मुद्दा मान्य, मी तसा विचार केला नव्हता. पण माणूस ठेवायचा तर तो अनुदान संपेपर्यंतच ना? अमेरिकेत २०२१ च्या अखेरीस नेटच्या बिलात महिना ३० डॉलर सूट देणारी योजना आली. २ कोटी ३० लाखांहून जास्त कुटुंबं त्यात होती. पैसे संपले आणि १ जून २०२४ ला ती बंद झाली. त्या घरांतलं कौशल्य एका रात्रीत गेलं नाही, बिल भरायची ऐपत गेली. अनुदानावरचा पगारही तसाच जाणार. म्हणून माझं म्हणणं, आधी अशी सोय करा जिचा महिन्याचा खर्च लोकांना स्वतः झेपेल. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने २०१८ मध्ये उद्दिष्ट ठेवलं होतं: साधं नेट दरडोई मासिक उत्पन्नाच्या २ टक्क्यांच्या आत. तेही सरासरी उत्पन्न. ज्याचं उत्पन्न सरासरीच्या पाव आहे त्याला ते ८ टक्के पडतं.

पाना-पक्कड
मी जुनी यंत्रं दुरुस्त करून देतो, म्हणून मध्ये बोलतो. १० नवे कॉम्प्युटर कशाला? विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे कार्यालयांतून ढिगाने यंत्रं बाहेर पडत आहेत. बिघडलेली नाहीत, फक्त सुरक्षा चिप किंवा प्रोसेसर जुना म्हणून विंडोज ११ घेत नाहीत. हार्ड डिस्क काढून तिच्या जागी वेगवान एसएसडी घातली आणि विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकली की ब्राउझर, ईमेल, फॉर्म, व्हिडिओ कॉल व्यवस्थित चालतं.

पण दान म्हणून येईल ते घेऊ नका. माझ्याकडे येणाऱ्या लॅपटॉपपैकी कित्येकांना चार्जर नसतो, काहींची बॅटरी फुगून टचपॅड वर आलेलं असतं. ते यंत्र कोणाच्या घरी देणं धोक्याचं आहे. जुन्या मालकाचा डेटा पुसायला वेळ जातो. आणि जुना फोन तर देऊच नका. त्याला सुरक्षा अपडेट येत नाहीत आणि ज्याला आधीच फसवणुकीची भीती वाटते त्याच्या हातात आपण फटीचं दार देतो. कॉम्प्युटर जुना चालेल, फोन मात्र बऱ्यापैकी नवा हवा.

उघडी खिडकी
तुम्ही तिघंही एक गोष्ट गृहीत धरताय: की प्रत्येकाने ऑनलाइन यायलाच हवं. त्या बाईंना फॉर्म ऑनलाइनच का भरावा लागला? कागदाची खिडकी बंद केली म्हणून. म्हणजे कार्यालयाने आपलं काम त्यांच्या अंगठ्यावर ढकललं आणि आपण त्यांचा अंगठा सुधारतोय.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ ला ई-केवायसीच्या, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याच्या, प्रकरणात निकाल दिला. ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्यांना ‘कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून दाखवा’ ही अट पुरी करता येत नव्हती. न्यायालयाने डिजिटल सुविधा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि पापणीशिवाय दुसरे मार्ग ठेवायला सांगितलं. पापणी न मिटणाऱ्याला पापणी मिटायला शिकवा, असं कोणी म्हटलं नाही. दोष यंत्रणेच्या बाजूचा होता. ओटीपी वाचायला गेलं की कोरा होणारा फॉर्म हाही यंत्रणेचाच दोष. तुमच्या पगारी माणसाचं अर्धं काम वाईट फॉर्मची भरपाई करण्यात जाईल.

ओटा
हे वाचून थांबले. अंगठ्याचं वाक्य मनाला लागलं. खरंय, फॉर्म नीट असता तर पाऊण तासाची दहा मिनिटं झाली असती. पण त्या बाई त्या संध्याकाळी समोर बसल्या होत्या आणि शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती. खिडकी परत उघडेपर्यंत त्यांना थांबता येत नव्हतं. आणि फॉर्म झाल्यावर उठताना त्यांनी विचारलं, ‘याच्यावर बहिणीचा चेहरा दिसतो म्हणतात, तो कसा?’ तिला कॉल लावला. दोघी वीस मिनिटं बोलत होत्या. त्यासाठी कुठलंच कार्यालय खिडकी ठेवणार नाही.

समितीपुढे आता असं मांडणार आहे: १० नव्या कॉम्प्युटरऐवजी दुरुस्त केलेले ६. उरलेल्या पैशांतून अर्धवेळ माणूस आणि घरी न्यायला काही हॉटस्पॉट, म्हणजे वायफाय देणारी खिशातली यंत्रं. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २०१४ मध्ये हा प्रयोग सुरू केला होता, पुस्तकासारखा हॉटस्पॉट न्यायचा आणि परत आणायचा. शिवाय त्या माणसाकडे एक वही असेल. कुठला फॉर्म कुठे अडला ते रोज लिहायचं आणि दर महिन्याला त्या त्या कार्यालयाला पत्र पाठवायचं.

उघडी खिडकी
वही जरूर ठेवा. तारीख, फॉर्मचं नाव आणि अडलेली जागा लिहा, माणसाचं नाव नको. पत्राची पोच घ्या.

चकमक
मला अजून पटलेलं नाही. परत द्यायचा हॉटस्पॉट म्हणजे पुन्हा मोजून वापरणं. महिनाभराने परत नेला की ते घर होतं तिथेच. कॉम्प्युटर ६ ऐवजी ४ करा आणि हॉटस्पॉट निदान वर्षभर एकाच घरी राहू द्या. निवडक घरांना मिळालं तरी चालेल, पण पुरं मिळू द्या.

पाना-पक्कड
४ करा. बॅटऱ्या मी तपासून देतो.